घरातले छोटे पाम: निवड, उजेड, पाणी, खत आणि करपलेली टोकं

पर्णछाया

घरात कुंडीत वाढवायच्या छोट्या पामांसाठी हा धागा. आधी पामाच्या रचनेबद्दल लिहिते, कारण बहुतेक पाम घरात मरतात ते इतर झाडांचे नियम त्यांना लावल्यामुळे.

पाम एकदल आहे. प्रत्येक खोडाला वाढीचा बिंदू एकच, तोही अगदी शेंड्यात, मिटलेल्या कोवळ्या पानाच्या तळाशी. तो छाटला गेला किंवा कुजला की ते खोड संपलं. जास्वंद वरून छाटली की बाजूने फुटते, तसं इथे होत नाही. खोडावरची जखम भरून येत नाही, कारण साल आणि गाभा यांच्यामध्ये नवीन पेशी तयार करणारा थरच पामात नसतो. सोटमूळ नसतं, सगळी मुळं खोडाच्या तळातून एकेक करून फुटतात. आणि एकदा उलगडलेलं पान पुन्हा सुधारत नाही. टोक करपलं ते करपलंच.

याचा व्यवहारातला अर्थ: उपाय लागू पडला की नाही, हे जुन्या पानांवर शोधू नका. उपायानंतर जे नवीन पान उलगडेल ते स्वच्छ आहे का, तेवढंच पाहा. केंटिया पामासारख्या सावकाश वाढणाऱ्या जातीला घरात वर्षाला जेमतेम दोन-चार पानं येतात, त्यामुळे निकाल कळायला महिने लागतात. दर आठवड्याला काहीतरी नवीन करून पाहणं हेच पाम जाण्याचं मोठं कारण आहे.

आता जाती.

पार्लर पाम (कॅमेडोरिया एलिगन्स) सगळ्यांत सोयीचा. मूळचा दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझमधल्या दाट जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. कुंडीत बरीच वर्षं ६० ते १०० सेंमीच्या आत राहतो. याला बुडातून फुटवे येत नाहीत. रोपवाटिकेतून येणारी भरगच्च कुंडी म्हणजे एकत्र पेरलेली डझनभर किंवा त्याहून जास्त स्वतंत्र रोपं असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कुंडी बदलताना लागेल.

बांबू पाम (कॅमेडोरिया सेफ्रिझी) त्याचा भाऊबंद, पण बुडातून फुटणारा आणि उंच जाणारा. मेटॅलिका (कॅमेडोरिया मेटॅलिका) टेबलावर ठेवण्याजोगा, अखंड पानाचा, टोकाशी दुभंगलेला, धातूसारखी झाक असलेला. माझ्या मते छोट्या जागेसाठी याच्यासारखा पाम नाही. रॅपिस एक्सेल्सा जमिनीखालच्या खोडातून फुटतो, कमी उजेड आणि थंडी दोन्ही सोसतो. फीनिक्स रोबेलिनी सुंदर, पण पानाच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात. लहान मुलं असलेल्या घरात नको.

अरेका पाम सर्वत्र मिळतो आणि घरात सगळ्यांत जास्त तोच बिघडतो. त्याला वरच्या बहुतेकांपेक्षा जास्त उजेड लागतो. मॅजेस्टी पाम मादागास्करमधल्या नदीकाठचा. पाणी, खत, उजेड सगळं भरपूर हवं, घरात तो हळूहळू खंगतो. नारळासकट विकायला ठेवलेलं नारळाचं रोप आतल्या गरावर काही महिने तगतं, पुढे त्याला कडक ऊन लागतं. ही दोन घरासाठी घेऊ नका.

नवी_पालवी

छान सुरुवात. पार्लर पाम सावलीत जगतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खिडकीपासून आठ-दहा फूट आत, कोपऱ्यात चालेल का? तिथे दिवसा दिवा न लावता वाचता येतं.

लक्समापक

वाचता येण्यावरून ठरवू नका. डोळे कमी उजेडाला लगेच सरावतात, झाडाला ती सोय नाही. मोबाईलमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजणारं अ‍ॅप घ्या, पानांच्या उंचीवर फोन आडवा धरा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडा बघा. फोनचे आकडे अचूक नसतात, पण अंदाजाला पुरतात.

ढोबळ हिशोब असा: दिवसाचे बरेच तास ८०० ते १००० लक्स मिळत असतील तर पार्लर, केंटिया आणि रॅपिस तग धरतात. नवीन पानं नीट यायला हवी असतील तर २००० ते ५००० लक्स धरा. अरेकाला ५००० च्या वर, शक्य तर सकाळचं कोवळं ऊनही. खिडकीपासून आठ-दहा फुटांवर बहुतेक घरांत २०० ते ५०० लक्सच भरतात. तिथे पार्लर पाम लगेच मरणार नाही. साठवलेल्या अन्नावर वर्षभरही हिरवा दिसेल, पण प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा लहान, देठ लांबुडके आणि पाणी न शोषलं गेल्यामुळे माती सतत ओली. शेवटी मूळकूज होते आणि दोष पाण्याला दिला जातो. मूळ कारण उजेड.

कोपराच हवा असेल तर दिवा लावा. पांढरा एलईडी, ४००० ते ६५०० केल्विन, खाली तोंड असलेला आणि मागे परावर्तक असलेला. असा १० वॅटचा दिवा पानांपासून ४० सेंमीवर दीड-दोन हजार लक्स देतो. नेहमीचा गोल बल्ब चहूबाजूंना उजेड फेकतो, त्यातला थोडाच पानांवर पडतो. टायमर लावून रोज १०-१२ तास. रात्रभर चालू ठेवण्यात फायदा नाही.

दुसरी गोष्ट, रोपवाटिकेतून आणलेला पाम बहुधा जास्त उजेडात वाढलेला असतो. त्याची पानं त्या उजेडासाठी घडलेली असतात. एकदम कोपऱ्यात नेला की खालची पानं पिवळी पडतात. पहिले दोन-तीन आठवडे खिडकीजवळ, मग थोडा आत, असं सरकवत न्या. उलट दिशेने तर जास्तच जपा: घरातला पाम थेट दुपारच्या उन्हात ठेवला तर एका दिवसात पानांवर पांढुरके-तपकिरी चट्टे पडतात, तेही फक्त उन्हाकडच्या बाजूला. हे रोगाचे डाग नाहीत, बुरशीनाशक मारू नका.

वाफसा

मिश्रण आणि पाण्याबद्दल मी लिहितो.

पामाच्या मुळांना ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी लागतात. बागेतली माती तशीच कुंडीत भरली तर वर्षभरात ती बसते आणि हवा संपते. मापाने (वजनाने नव्हे) चार भाग कोकोपीट, तीन भाग परलाईट (फुगवलेल्या ज्वालामुखीय खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा ३ ते ५ मिमीची धुतलेली जाड वाळू, दोन भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग सालींचे बारीक तुकडे. सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या आसपास हवा. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी पिळून टाका आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा; न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. ताजं शेणखत घालू नका. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याने निचरा सुधारत नाही. वरच्या बारीक मिश्रणातलं पाणी खडीच्या सीमेवर अडून राहतं आणि मुळांना मिळणारी हवेशीर माती तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

पाणी वारावर ठरवू नका. पार्लर, केंटिया यांना वरची दोन-तीन सेंमी माती कोरडी झाली की द्या. अरेकाला किंचित आधी. मोठ्या कुंडीत बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटं ठेवा. ओली माती चिकटून आली तर थांबा. त्याहून चांगली सवय म्हणजे कुंडी उचलून बघणं. पाणी दिल्यावरचं आणि तहानलेली असतानाचं वजन हाताला दोन-तीन वेळात कळतं.

द्याल तेव्हा पूर्ण द्या, दिलेल्या पाण्याचा साधारण पाचवा-दहावा हिस्सा खालून निघेपर्यंत. अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. रोज कपभर पाणी घालण्याची पद्धत सगळ्यांत वाईट: वरची माती चिकचिकीत, मधला गड्डा कोरडा आणि क्षार आतच साठलेले. कोकोपीट एकदा पूर्ण सुकून आकसलं की पाणी कडेने सरळ खाली जातं आणि भिजल्याचा भास होतो. अशा वेळी कुंडी बादलीत काठाच्या खालपर्यंत अर्धा तास बुडवून मग निथळू द्या.

हिरवाकंच

अरेकाच्या पानांची टोकं सतत करपतात. पाणी वेळेवर आहे, रोज फवारतो, तरी होतं. हवेतली आर्द्रता कमी पडते म्हणायचं का?

पर्णछाया

आर्द्रतेवर सगळा दोष ढकलण्याची पद्धत आहे, पण ती एकटी क्वचितच कारण असते. आणि रोज फवारल्याने ती वाढतही नाही, त्याचा उपयोग नाही. आधी करपणं नीट बघा. पान हातात धरून पर्णिकेचं (पानाच्या एका पट्टीचं) टोक उजेडात न्या.

टोकाचे दोन-तीन मिमी गडद तपकिरी, कोरडे, त्याच्या मागे पिवळी बारीक रेघ आणि मग एकदम निरोगी हिरवा रंग, शिवाय जुन्या पानांवर जास्त: हे क्षारांचं किंवा फ्लोराईडचं लक्षण. पाण्याबरोबर ते वर जातात, पाणी टोकातून उडून जातं आणि ते तिथेच साठतात. अरेका आणि पार्लर दोघंही फ्लोराईडला नाजूक.

अख्ख्या पर्णिका राखाडी-हिरव्या होऊन घडी पडल्यासारख्या मिटतात, मग कागदासारख्या वाळतात: तहान. माती ओली असूनही पान लोंबतं, पूर्ण पिवळं होतं, कुंडीला आंबूस वास: मूळकूज. एसीच्या झोताकडच्या बाजूचीच पानं करपली असतील तर कारण समोरच आहे. कुंडी झोतातून हलवा.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. उपाय: कुंडी न्हाणीघरात नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओता. २० सेंमी व्यासाच्या कुंडीत साधारण चार लिटर मिश्रण मावतं, म्हणजे आठ लिटर. एकदम नाही, दोन-दोन लिटर, मध्ये पाच-दहा मिनिटं सोडून. मग पूर्ण निथळू द्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करा. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी कड दिसत असेल तर वरची एक-दोन सेंमी माती खरवडून नवीन घाला.

पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतो, फ्लोराईड आणि क्षार जात नाहीत. उकळलं तर पाणी आटून ते उलट वाढतात. पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी निम्मं मिसळलं तरी फरक पडतो. मात्र आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी चुकूनही घालू नका, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

मातीशास्त्र

यात भर. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराईड असतं, पामाच्या कुंडीत ते टाळा. परलाईटमध्येही थोडं असतं, पण सामू ६ च्या वर राहिला तर त्यातलं फारसं विरघळत नाही. त्यामुळे परलाईट बंद करायची गरज नाही, सामू खाली जाऊ देऊ नका एवढंच. मिश्रण आम्ल झालं असेल तर लिटरला एक-दोन ग्रॅम डोलोमाईट (चुनखडीसारखं खनिज) पुरतं. त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमही मिळतं.

करपलेलं टोक कापायचं असेल तर कात्रीने पर्णिकेच्या आकारात तिरकं कापा आणि करपलेल्या भागाची एक मिमी कड शिल्लक ठेवा. हिरव्यात कापलं की तिथून नवीन तपकिरी कड तयार होते.

धुकं

फवारणीबद्दल थोडा विरोध नोंदवतो. रोज फवारल्याने पानांवरची धूळ निघते, कोळी कीड कमी होते. पूर्ण निरुपयोगी म्हणणं बरोबर नाही.

पर्णछाया

धूळ आणि कोळी यासाठी ओल्या फडक्याने पान दोन्ही बाजूंनी पुसणं किंवा आठवड्यातून एकदा शॉवरखाली पानांची खालची बाजू धुणं कितीतरी प्रभावी. फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं, खोलीची आर्द्रता तेवढ्याने बदलत नाही. आणि शेंड्यातल्या कोवळ्या पानाच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं, वारा नसला, की कुजण्याचा धोका. पामात तो धोका परवडत नाही. हवा फारच कोरडी असेल, ४० टक्क्यांच्या खाली, तर कुंड्या एकत्र ठेवा किंवा आर्द्रता वाढवणारं यंत्र लावा. पान चकाकवणारे स्प्रे आणि तेल मात्र अजिबात नको.

नवी_पालवी

खतं? खालची पानं पिवळी पडली की नायट्रोजन कमी समजून युरिया देतात, ते बरोबर आहे का?

मातीशास्त्र

पामात खालची पानं पिवळी पडण्याची तीन वेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा दिसतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण चुकीचं खत दिल्याने बिघाड वाढतो.

नायट्रोजनची कमतरता: जुनी पानं सारखी फिकट पोपटी होतात, हळूहळू सगळं झाडच फिकट, वाढ थांबलेली. डाग नाहीत. कुंडीतल्या पामात हे बऱ्यापैकी आढळतं.

पोटॅशियमची कमतरता: सगळ्यांत जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी, उजेडाकडे धरल्यास पारदर्शक दिसणारे ठिपके, मग टोकं आणि कडा वाळतात. अरेकात ठिपके जास्त, फीनिक्समध्ये टोकं वाळणं जास्त.

मॅग्नेशियमची कमतरता: जुन्या पानाच्या कडेने रुंद लिंबासारखा पिवळा पट्टा, मधला भाग मात्र गडद हिरवा. फीनिक्स रोबेलिनीत हे ठळक दिसतं.

याउलट नवीन पानंच पिवळी, शिरा हिरव्या: लोह. कुंडीत लोहाची कमतरता बहुतेक वेळा खतातून येत नाही. पाम खोल लावलेला असतो, माती गच्च झालेली असते किंवा सामू वाढलेला असतो, म्हणून मुळं लोह उचलत नाहीत. आधी ती कारणं काढा, मग चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा विद्राव्य रूपात बांधलेलं). सामू ६.५ च्या आत असेल तर ईडीटीए प्रकार चालतो, त्याहून जास्त असेल तर ईडीडीएचए. नवीन पान आखूड, आक्रसलेलं, वाळल्यासारखं येत असेल तर मँगनीजचा विचार करा. सामू जास्त असला की तेही अडकतं.

घरातल्या पामाला नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) ३:१:२ या प्रमाणात असलेलं खत योग्य, म्हणजे पाकिटावर १८-६-१२ सारखे आकडे, सोबत मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. सावकाश विरघळणारे दाणे असतील तर मिश्रणाच्या लिटरला २ ग्रॅमच्या आत, पाकिटावर जितके महिने लिहिलेत तितक्याच महिन्यांनी पुन्हा. विद्राव्य खत १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा, फक्त वाढीच्या काळात आणि आधीच ओल्या असलेल्या मातीत. कमी उजेडातल्या झाडाला याच्याही निम्मं. १९-१९-१९ हाताशी असेल तर अर्धा ग्रॅम प्रति लिटर चालेल, पण त्यात स्फुरद गरजेपेक्षा जास्त आहे.

मॅग्नेशियम सल्फेट सगळ्या दुखण्यांवर देण्याची पद्धत चुकीची आहे. पट्टा दिसत असेल तरच, १ ते २ ग्रॅम प्रति लिटर, महिन्यातून एकदा. पोटॅशियम कमी असताना मॅग्नेशियम वाढवलं तर पोटॅशियमची तूट आणखी वाढते.

आणि एक महत्त्वाचं: ठिपके पडलेली पानं लगेच कापू नका. पाम जुन्या पानांतलं पोटॅशियम काढून नवीन पानाला पुरवत असतो. ती साठवण कापून टाकली की तो पुढच्या, वरच्या पानातून काढायला लागतो आणि ठिपके वर चढतात. पान पूर्ण तपकिरी झाल्यावरच काढा.

हिरवाकंच

काढायचं म्हणजे ओढून?

पर्णछाया

नाही. देठ खोडापासून दोन-तीन सेंमी अंतरावर स्वच्छ कात्रीने कापा. खोडाला वेढलेला देठाचा भाग नंतर सुकून आपोआप सैल होतो, तेव्हा हलक्या हाताने सोडवा. हिरवट असतानाच ओढला तर खोडाला जखम होते आणि कॅमेडोरिया वर्गात त्या जखमेतून गुलाबी कूज शिरते: देठाच्या बुडाशी गुलाबी-नारिंगी भुकटीसारखे बीजाणू, खोडावर काळपट डाग, कधी डिंकासारखा पाझर. कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेताना ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

कीडनियंत्रण

किडींचं मी घेतो. घरातल्या पामांवर मुख्य तीन.

लाल कोळी: पानाच्या वरच्या बाजूला बारीक फिकट टिंबं, पान धुरकट दिसतं, खालच्या बाजूला शिरांलगत जाळी. पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने हलवा. कागदावरचे कण चालायला लागले तर कोळी आहे. गरम, कोरड्या हवेत त्याची पिढी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. पहिला उपाय जोरदार पाणी, पानांच्या खालून. मग पोटॅशियम साबण ५ ते १० मिली प्रति लिटर, किंवा नीम तेल ५ मिली आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता त्याच साबणाचा थेंब-दोन थेंब. भांड्यांचा साबण वापरू नका, पानावरचा मेणाचा थर निघतो. संध्याकाळी फवारा, आधी एका पानावर दोन दिवस बघा. अंडी यातून मरत नाहीत, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने किमान तीनदा. बरेच जण पहिल्या फवारणीनंतर पान स्वच्छ दिसलं की थांबतात आणि दोन आठवड्यांत कोळी परत येतो.

पिठ्या ढेकूण: देठ खोडाला जिथे वेढतो त्या खाचेत आणि मिटलेल्या पानाच्या घडीत लपतो. बाहेर कापसासारखे पुंजके दिसतात तेव्हा आत वस्ती झालेली असते. ७० टक्के अल्कोहोलमध्ये कानात घालायची कापसाची काडी बुडवून प्रत्येक पुंजका टिपा. संपूर्ण पानावर अल्कोहोल चोपडू नका. कुंडीवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली की पिठ्या किंवा खवले कीड शोधायला लागा, मुंग्या त्यांच्या चिकट गोड स्रावासाठीच येतात.

खवले कीड: देठावर आणि पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी, चपटे, न हलणारे ठिपके. नखाने किंवा मऊ ब्रशने खरवडून मग तोच साबण.

मातीभोवती उडणारी बारीक काळी चिलटं ही जास्त पाण्याची पावती. माती वरून सुकू द्या, बाकी बहुतेक आपोआप कमी होतात.

नवी_पालवी

पार्लर पामाच्या कुंडीत पंधरा-वीस रोपं आहेत. वेगळी करून दोन-तीन कुंड्या कराव्यात का? आणि मधल्या एका रोपाचं नवीन पान तपकिरी आहे.

वाफसा

वेगळी करू नका. मुळं एकमेकांत विणली गेलेली असतात आणि पामाची मुळं ठिसूळ. सोडवताना निम्मी तुटतात. मूळ तुटलं की काही जाती ते मागूनच सोडून देतात आणि खोडातून नवीन फुटेपर्यंत पान पोसायला काही नसतं. वाढत जाताना त्यातली काही रोपं आपोआप मागे पडतात आणि मरतात, ती मातीलगत कापून टाका.

तपकिरी शेंड्यासाठी: मिटलेलं पान दोन बोटांत धरून अगदी हळू वर ओढा. निरोगी असेल तर हलत नाही. सहज निघून आलं आणि बुडाशी मऊ, घाण वास असेल तर शेंडा कुजला आहे. ते रोप बुडातून कापून टाका, बाकीच्यांच्या शेंड्यात आठवडाभर पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका आणि हवा खेळती ठेवा. फक्त वरचं टोक वाळलं असेल आणि पान घट्ट असेल तर तहानेचा फटका असू शकतो, रोपाला राहू द्या.

कुंडी दोन-तीन वर्षांनी, मुळं भोकातून बाहेर यायला लागली किंवा गड्डा कुंडीतून वर उचलला जायला लागला तरच बदला. पामाला किंचित घट्ट कुंडी मानवते. नवीन कुंडी व्यासाने ३ ते ५ सेंमीच मोठी. फार मोठी घेतली तर मुळं नसलेल्या मातीत पाणी साचून राहतं. आदल्या दिवशी पाणी द्या. कुंडी आडवी करून कडेने थोपटा आणि गड्डा अख्खा काढा, खोडाला धरून ओढू नका. मुळं मोकळी करणं, खरवडणं, बाहेरून छाटणं, यातलं काहीही नको. फक्त काळी, मऊ, कुजलेली असतील तेवढी कापा. तळाशी मिश्रण घालून गड्ड्याची पातळी पूर्वीइतकीच येईल असं बघा. खोल लावलात तर खोडाचं बूड गुदमरतं. बाजूने मिश्रण भरत कुंडी आपटून बसवा, दाबून ठेचू नका. पाणी द्या, दोन आठवडे थोडा कमी उजेड, सहा आठवडे खत नाही.

रॅपिसप्रेमी

रॅपिसचं विभाजन मात्र होतं, फक्त घाई नको. वाढीच्या काळाच्या सुरुवातीला गड्डा काढून कडेचा असा भाग निवडा ज्याला किमान तीन खोडं आणि स्वतःची मुळं आहेत. जमिनीखालचं जोडणारं खोड धारदार, पुसलेल्या चाकूने एका फटक्यात कापा. कापलेली जागा तासभर सुकू द्या आणि लहानच कुंडीत लावा. नवीन कोंब यायला काही महिने जातात, तोवर माती ओलसर पण चिंब नको. एकेकटं खोड काढलं तर बहुतेक वेळा ते उभं राहून वाळतं.

मांजरसखी

घरात मांजर आहे, पानं चावते. कुठले पाम सुरक्षित?

पर्णछाया

पार्लर, बांबू पाम, केंटिया, अरेका, रॅपिस हे मांजर-कुत्र्यांना विषारी नाहीत. खूप चावलं तर उलटी होऊ शकते, तेवढंच. धोका आहे तो सायकसचा, ज्याला सागो पाम म्हणून विकतात. तो पाम नाहीच, वेगळ्याच, शंकूधारी झाडांना जवळच्या गटातला. त्याचे सगळे भाग विषारी आणि बिया सर्वांत जास्त. यकृत निकामी होऊ शकतं. पाळीव प्राणी असलेल्या घरात तो ठेवू नका. प्राण्याने खाल्लाच तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे जा. फिशटेल पामाच्या फळांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांच्या रसाने त्वचेची आग होते. कॅमेडोरियाच्या फळांचंही तेच.

हिरवाकंच

हवा शुद्ध करण्यासाठी खोलीत किती पाम ठेवावेत?

लक्समापक

त्या हिशोबाने ठेवू नका. १९८९ च्या नासाच्या ज्या अभ्यासाचा हवाला देतात तो बंदिस्त छोट्या कक्षांत केलेला होता. २०१९ मध्ये कमिंग्स आणि वॉरिंग यांनी असे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडा. पाम त्याच्या पानांसाठी ठेवा.

बीजांकुर

बियांपासून कोणी विचारलं नाही, तरी लिहितो. पामाची बी जितकी ताजी तितकी उगवण चांगली. सुकवून साठवलेली बहुतेकदा वाया जाते. हातमोजे घालून गर पूर्ण काढा, धुवा, दोन दिवस पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला. कोकोपीट आणि परलाईट निम्मं-निम्मं, दमट पण पिळल्यावर पाणी न गळणारं, त्यात एक सेंमी खोल. झाकणाच्या डब्यात २५ ते ३० अंशांवर ठेवा. उजेडाची गरज नाही, उबेची आहे. अरेका साधारण तीन ते सात आठवड्यांत, पार्लर एक ते सहा महिन्यांत, केंटियाला वर्षही लागू शकतं. तोवर उकरून बघू नका, पहिलं मूळ मोडलं की ते रोप गेलं. पहिलं पान पूर्ण उघडल्यावरच खोलगट कुंडीत हलवा आणि बियाला चिकटलेला भाग तोडू नका, रोप अजून त्यातूनच अन्न घेत असतं.

नवी_पालवी

कुंडीत नर-मादी वेगळे असतात का? पार्लरला पिवळे फुलोरे आलेत.

बीजांकुर

हो, कॅमेडोरियात नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या झाडांवर. तुमच्या कुंडीत पंधरा-वीस रोपं आहेत, त्यामुळे दोन्ही असण्याची शक्यता चांगली. नर फुलोऱ्यातले परागकण मऊ ब्रशने मादी फुलांवर दोन-तीन दिवस सकाळी फिरवा. बी नको असेल किंवा झाड अशक्त असेल तर फुलोरा देठापाशी कापा, त्याने पामाला इजा होत नाही.